पोट तुझं दुखतंय, तूच सांग

माझं नाव सुमन, माहेर-सासर दोन्ही औशाकडचं, लातूर जिल्हा, आन लग्न होऊन पुण्याजवळ रहाटणीत आले तवापासून हितलीच झाले म्हणा. मालक भोसरीत कारखान्यात प्रेस मशीनवर, मी चाकणला वायरिंगच्या कंपनीत लाइनवर, पहिल्या शिफ्टला कंपनीची बस कोपऱ्यावर येती, तिच्यात बसलं की डोळा लागतो तो चाकण आल्यावरच उघडतो. दोन खोल्या, सासूबाई, आमी दोघं आन एकुलता एक अनिकेत. एकुलता एक म्हणल्यावर काय सांगू तुम्हाला, जेवून उठला की हातावर पाणी बी आज्जीच घालायची.

तर झालं काय, आमच्या लाइनवर नवीन पोरं येतात, ट्रेनी म्हणतात त्यांना, कुणी नांदेडचं, कुणी जळगावचं, नुकतं मिसरूड फुटलेली, चाकणात खोल्या करून राहतात. त्यातलं एक पोरगं एका सोमवारी माझ्या शेजारी उभ्या-उभ्या खाली कोसळलं. आमी तोंडावर पाणी मारलं, बसवलं, म्हणलं काय झालं रं बाळा, तर म्हणतं, मावशी, काल मेस बंद होती. आरं मग खोलीवर काही करून खायचं, तर म्हणतं, येत न्हाई. खोलीत गॅस हाय, तांदूळ हाय, आन लेकरू उपाशी. मी माझा डबा त्याला दिला, त्यानं खाल्ला, आन माझ्या डोळ्यापुढं नुसता अनिकेत. त्याची बारावीची परीक्षा झालेली, इंजिनिअरिंगला कोल्हापूरला जायचं मनात, पावसाळ्यात नंबर लागला की जायचा. जाऊन खाणार काय?

त्याच रविवारी त्याला ओट्यापाशी उभा केला. सासूबाई दारात येऊन म्हणल्या, आमच्या घरात गड्यानं कधी चूल फुंकली न्हाई. मी म्हणलं, आत्याबाई, गॅस हाय, फुंकायचं कामच न्हाई. त्या रुसून गच्चीवर जाऊन बसल्या. पहिला भात खालून करपला आन वरून कच्चा, असा भात मी जन्मात बघितला नव्हता. मालक बिचारे गपचूप खायलेत, आन अनिकेत विचारतो, पप्पा, कसा झालाय, तर म्हणले, गरम हाय.

मग दर रविवारी एकेक. शर्टाला बटन लावायला दिलं तर पठ्ठ्यानं पुढची बाजू मागच्या बाजूला शिवून टाकली, आन डोकं घालायलाय तर जाईना. सिलेंडर बदलून साबणाच्या फेसानं गळती बघायला शिकवलं. भाकरी शिकवली, ती काही गोल व्हायचं नाव घेईना, कधी लातूर जिल्ह्याचा नकाशा, कधी चप्पल. मधीच त्याचं पोट दुखायला लागलं, पिंपरीला मोठ्या दवाखान्यात गेलो, केसपेपरच्या लायनीत त्यालाच उभा केला. डॉक्टरीणबाईनं विचारलं कुठं दुखतंय, तर हा माझ्या तोंडाकडं बघायलाय. म्हणलं, माझ्याकडं काय बघतोस, पोट तुझं दुखतंय, तूच सांग. त्या बाई बी हसल्या.

आन मग वैशाखात गावाकडं लग्न निघालं, सासूबाईंच्या भाच्याच्या पोरीचं. आमाला दोघांला सुट्टी न्हाई. सासूबाई म्हणल्या, मी नेते पोराला संभाळून. म्हणलं, न्या. एस्टीत बसवून दिलं दोघांला. दुपारी गाडी टेंभुर्णीच्या अलीकडं बंद पडली. ऊन असं की डांबर मऊ झालेलं. सासूबाईंला शुगर, सकाळी गोळी घेतलेली आन गाडी लागती म्हणून पोटात काही घातलेलं न्हाई. दुसऱ्या गाडीची वाट बघता बघता त्यांला दरदरून घाम आला, हात कापायला लागले, आन अनिकेतला म्हणायल्या, तू कुणाचा रं?

ते ऐकून माझ्या लेकराचं काळीज किती हललं असंल, सांगा. पण रडत बसला न्हाई. कंडक्टरला म्हणला, काका, आज्जीकडं बघा. आन पळत शेतातल्या एका घराकडं गेला. घरात एक म्हातारे आजोबा एकटेच, बाकीचे त्यांच्याकडच्या कुठल्या लग्नाला गेलेले. आजोबा, साखर द्या, माझ्या आज्जीची शुगर उतरलीय. आजोबांनी साखरेचा डबाच उचलून दिला, आन पाठोपाठ पाण्याचा तांब्या घेऊन स्वतः आले. साखरपाणी पाजलं, थोड्या वेळानं सासूबाई म्हणल्या, आन्या, माझी पिशवी कुठंय. तवा हा रडला.

आजोबांनी त्यांला घरात नेऊन निजवलं. म्हणले, दुपारचं काही शिल्लक न्हाई रं, आन मला काही करता येत न्हाई, सून रात्री यील. हा म्हणला, आजोबा, पीठ असंल तर द्या, मी करतो. आन माझ्या पोरानं, ज्यानं जन्मात चूल पेटवली नव्हती, त्यानं धुरात डोळे चोळत तीन माणसांच्या भाकरी थापल्या. आजोबांनी ठेचा काढला. सासूबाई जेवल्या, मग मागनं आलेल्या गाडीनं दोघं गावाला पोचले. आन मग त्या अख्ख्या लग्नात नवरी राहिली बाजूला, दिसंल त्या बाईला सांगायल्या, आमच्या अनिकेतनं भाकरी केल्या, पापुद्रा कसा सुटला होता म्हणून सांगू. पापुद्रा सुटला नव्हता, मी विचारलं ना त्याला.

मी आणिक एक विचारलं. म्हणलं, परक्याच्या दारात जाऊन मागायला लाजला न्हाईस? तर म्हणतो, आई, मी काय हवं ते सांगितलं, त्यांनी दिलं, त्यात लाज कशाची? मी त्याला सगळं आपल्या हातानं करायला शिकवलं, पण माणसाला हाक मारायची असती, हे काही मी शिकवलं नव्हतं. ते त्याचं तो शिकला, आन मी त्याच्याकडून.

आता गेलाय कोल्हापूरला. खोलीतली पोरं त्याला मम्मी म्हणतात, खिचडी चांगली करतो म्हणून. घर सुनं झालं, पण सासूबाईंनी नवीन शिकवणी लावलीय, व्हिडिओ कॉल शिकायलेत माझ्याकडून. शिकतात, आन फोन लागला की कानालाच लावतात. तिकडून तो ओरडतो, आज्जी, नुसता कान दिसायलाय. तर म्हणतात, मग कान बघ, तो बी तुझ्या आज्जीचाच हाय, कुणा परक्याचा न्हाई. जेवलास का बाळा? औक्षवंत हो, सुखी राहा.