सोमवारचे फोन

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या रुग्णालयाचे अधीक्षक साहेब. प्रमुख पाहुणे, शहराच्या आरोग्य विभागाचे मुख्य अधिकारी. व्यासपीठावरील सर्व मान्यवर डॉक्टर मंडळी. आज ज्यांना आपण निरोप देत आहोत, त्या अपघात विभागाच्या आपल्या सिस्टर. आणि समोर बसलेल्या, तसंच खुर्ची न मिळाल्यामुळे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो, सर्वांना माझा नमस्कार.

मी रक्त तपासणाऱ्या लॅबमधला माणूस. 'मूठ घट्ट आवळा' आणि 'झालं, झालं' यापलीकडे कुणापुढे बोलायची माझ्यावर कधी वेळ आली नाही. सूत्रसंचालक बाईंनी थोडक्यात बोला असं सांगितलंय. प्रयत्न करतो.

माझ्याआधीचे वक्ते सिस्टरांना प्रेमळ म्हणाले, सेवाभावी म्हणाले, हसतमुख म्हणाले. हसतमुख? सिस्टर, राग मानू नका, पण तुमच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की भले भले डॉक्टर लिफ्टची वाट न बघता जिन्याने निघायचे. हसताय कशाला डॉक्टरसाहेब, तुम्हीच सगळ्यात पुढे असायचात. तर स्वभावाबद्दल मी बोलत नाही. एका गोष्टीबद्दल अजून कुणीच बोललं नाही, ती म्हणजे सिस्टरांचे सोमवारचे फोन.

पाहुण्यांसाठी सांगतो. आत्महत्येचा प्रयत्न करून वाचलेली माणसं आपल्याकडे येतात. हा शब्द समारंभात उच्चारू नये, हे मला कळतं. उच्चारला. अशा माणसांना वाचवण्यात आपल्या अपघात विभागाचा हात कुणी धरणार नाही. मग रिपोर्ट चांगले येतात, बेड रिकामा होतो, आणि माणूस घरी जातो. त्याच खोलीत, त्याच विवंचनेत. घरी गेल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात धोक्याचे, हे इथल्या प्रत्येक डॉक्टरला ठाऊक आहे. पण तेव्हा तो आपला रुग्ण नसतो ना! सिस्टरांना हे पटलं नाही. दर सोमवारी ड्रेसिंगच्या खोलीत बसून, एका हाताने डबा खात, त्या या माणसांना फोन करू लागल्या.

'कसे आहात' असं त्या कधी विचारायच्या नाहीत. म्हणायच्या, "असं विचारलं की समोरचा 'बरा आहे' म्हणतो आणि फोन ठेवतो." त्या विचारायच्या, आंघोळ केलीस का, पोटात काय गेलं, काल कुणाशी चार शब्द बोललास का. आणि मग आडपडदा न ठेवता, "आज मरावंसं वाटतंय का?"

एकदा मोठे डॉक्टर त्यांच्यावर चिडले. म्हणाले, "सिस्टर, असं विचारून नसतं खूळ डोक्यात भरवताय तुम्ही." सिस्टर म्हणाल्या, "छातीत दुखतंय का असं तुम्ही रोज विचारता, त्यानं कुणाला झटका आलाय का हो?" डॉक्टर पुढे सोमवारी त्या खोलीबाहेर 'आत येऊ नये' अशी पाटी स्वतः लावायचे. हेही सांगायला हवं.

मला हे सगळं इतकं कसं माहीत? कारण त्यातला एक फोन आमच्या घरी येतो.

माझी धाकटी मुलगी. तिच्या परवानगीने सांगतोय. ती म्हणाली, "सांगा बाबा, पण रडू नका, तिथला माईक आधीच खरखरतो." तिला इथून घरी नेलं तेव्हा तिचे सगळे रिपोर्ट मीच केले होते. सगळे नॉर्मल. मला चैन पडेना. एवढं झालं, म्हणजे कुठेतरी काहीतरी कमी-जास्त असणारच की! मी थायरॉइड बघितलं, साखर बघितली, लोह बघितलं, जीवनसत्त्वं झाली, मग पुन्हा थायरॉइड. लॅबवाला बाप, दुसरं काय करणार? एक दिवस तिनं बाही खाली ओढली आणि म्हणाली, "बाबा, तोंडानं विचारा ना. सुईनं काय विचारताय?"

मला तोंडानं विचारता येईना. सिस्टरांनी विचारलं. आज ती चष्म्याच्या दुकानात कामाला जाते, गिऱ्हाइकांच्या नकला करते, माझ्याशी भांडते. पण सोमवारी फोन जवळ घेऊन बसते. फोनवर कधी हसते, कधी "हो, आज वाटतंय" असंही म्हणते. भिंतीपलीकडे मी ते ऐकतो. मला ती असं कधीच सांगणार नाही. मला ती 'बरी आहे' असंच सांगते.

प्रमुख पाहुणे, आपल्या दवाखान्याच्या भिंतीवर 'उपचारापेक्षा प्रतिबंध बरा' असं रंगवलंय. कुठे तापाची साथ आली की तुमची माणसं दारोदार जातात, माठ उपडे करतात, डबकी बुजवतात. ताप आलेल्याला कुणी विचारत नाही की तुझ्या घरात भांडण होतं का. मग या दुखण्याला मात्र आपण 'घरगुती मामला' का म्हणतो? झाकली मूठ सव्वा लाखाची, हे घरच्यांनी म्हणावं, एकवेळ समजू शकतो. आरोग्य खात्यानंही मूठ झाकायची?

काल मी कार्यालयात विचारलं, सिस्टर गेल्यावर हे फोन कुणाकडे? उत्तर मिळालं, ते काम कुठल्याच पदात बसत नाही. बरोबर आहे. ते काम सिस्टरांच्या डब्याच्या सुट्टीत बसत होतं.

आता तुम्ही म्हणाल, एवढं तापायचं कारण काय? सिस्टर तर म्हणाल्यात की घरून करत राहीन, पैसे नकोत. आत्ता टाळ्या वाजवू नका. सिस्टर, तुमच्या पाया पडतो, पण नाही म्हणा. लसी ठेवायचा फ्रिज आपण कुणाच्या चांगुलपणावर चालवतो का? तो बिघडला तर अर्ध्या तासात माणूस येतो, कारण ते कुणाचं तरी काम आहे. तुमचे गुडघे गेलेत, बहिणीकडे राहायला जायचंय, आयुष्यभर झोप पुरी झालेली नाही. तुम्ही आजारी पडलात की तो सोमवार बुडणार, आणि आपण सगळे हळहळून मोकळे होणार. मला हळहळ नको आहे. मला माणूस हवा आहे, शिकवलेला, पगारी, रजेवर गेला तर बदली असलेला. अधीक्षक साहेब, तुम्ही मान हलवताय. ती 'बघू'ची मान आहे की 'हो'ची, हे इथून कळत नाही.

एक गोष्ट उरली. सकाळी सिस्टर लॅबमध्ये आल्या होत्या. हळूच म्हणाल्या, "बाकी काही होवो, तुमच्या लेकीला मी करीनच." मी लगेच हो म्हणालो. बाप आहे, दुसरं काय म्हणणार? मग दिवसभर मला नीट बसवेना. हातातली कामं दोनदा करावी लागली. माझ्या मुलीची सोय झाली, कारण तिचा बाप या इमारतीत नोकरीला आहे. ज्यांचा बाप इथे नोकरीला नाही, त्यांनी सोमवारी फोनकडे बघत बसायचं का?

सिस्टर, तुमच्यामुळे माझ्या घरात भांडणं आहेत, नकला आहेत, संध्याकाळी दाराची कडी वाजते. याचे आभार मानायला माझ्याकडे शब्द नाहीत. संयोजकांनी मला बोलू दिलं, तुम्ही सर्वांनी ऐकून घेतलं, सगळ्यांचा ऋणी आहे. आनंदाच्या प्रसंगी नको ते बोललो असेन, मोठ्यांचा मान राखताना तोल गेला असेल, तर लॅबवाला म्हणून सोडून द्या. विचारलेला प्रश्न मात्र सोडू नका. यानंतर अध्यक्षांचं भाषण आहे. मी पहिल्याच रांगेत बसतोय.