पातळ पत्रे आणि दोन बोटं

मी, मंजिरी श्रीराम खांबेटे, वय ५९ वर्षे, रेल्वेतून सेवानिवृत्त लिपिक, राहणार स्नेहलतागंज, इंदूर. पोलीस ठाण्यात स्वतः येऊन सांगते की,

आमची संस्था चक्रीवादळात छपरं गेलेल्या कोकणातल्या गावांना पत्रे आणि सुतार पाठवते. त्याच वादळात माझी धाकटी बहीण सुलोचना गेली. शेजारचा पत्रा उडून तिच्या मानेला लागला. म्हणून पातळ पत्रा आम्ही फुकटही घेत नाही.

आज सकाळी साडेदहाला तुकोगंजातल्या आमच्या गोदामात ट्रक भरत होता. परेश नावाचे देणगीदार तीस पत्रे घेऊन आले. सोबत फोटोवाला होता. आमचे सुतार पंढरीनाथजी यांनी त्यातला एक पत्रा नुसत्या हाताने वाकवला आणि म्हणाले, "भिया, हा नाही चालणार. पहिल्याच हवेत उडेल." सगळे हसले. मीही हसले.

परेश म्हणाले, "दान की बछिया के दाँत नहीं गिनते, मिस्त्री."

पंढरीनाथजी म्हणाले, "ज्याच्या डोक्यावर राहील, तो तर मोजेल ना."

परेश यांनी त्यांच्या थोबाडीत मारली, खाली पाडलं, छातीत लाथा घातल्या. पंढरीनाथजी पत्र्याची कड धरून उठू लागले. परेश यांनी तोच पत्रा जोरात हिसकला. पंढरीनाथजींच्या उजव्या हाताची दोन बोटं तुटून फरशीवर पडली. ती मी रुमालात घेतली. परवा याच हाताने ते सदतीस छपरं बांधायला निघणार होते.

परेश म्हणाले, "अब मोड़ के दिखा." माझ्या डोक्यात सणक गेली. मी हातोडी उचलून त्यांच्या गुडघ्यावर मारली. ते पडले. मग खांद्यावर आणखी दोनदा मारली. ट्रकवाल्याने मागून धरलं म्हणून थांबले. मला वाईट वाटत नाही, असंही लिहा.

डॉक्टर म्हणतात, बोटं जुळणार नाहीत. परेश यांनी माझ्याविरुद्ध दिलेली तक्रार खरी आहे. त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार आहे. ते तीस पत्रे मी ट्रकवर चढू देणार नाही.

हा जबाब मला मराठीत वाचून दाखवला. हातोडीच्या वाक्यात 'स्वतःच्या बचावासाठी' असं हवालदारसाहेबांनी आपुलकीने घातलं होतं. मी तसं बोलले नव्हते, म्हणून ते खोडायला लावलं. शेवटच्या दोन घावांच्या वेळी परेश खाली पडलेले होते. बाकी माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.