ओठाला लावलेलं माणिक

सुनेनं भर साखरपुड्यात विहीणबाईंची अंगठी ओठाला लावून बघावी का हो? मी बघितली. काय सांगू तुम्हाला, अक्कल माहेरीच ठेवून आले होते.

माहेर माझं नांदेडकडचं, देगलूरजवळचं. लग्न होऊन लातुरात आले तेव्हा लातूरचा जिल्हा नवा नवा झाला होता, हापिसं आली, साहेबांच्या बायका आल्या, न् पाणी मात्र टँकरनं. मामंजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, गोलाईच्या बाजारात खोट्या दागिन्यांचं दुकान. कुणी घरचा खडा घेऊन आलं की तेच पारखून द्यायचे, मी शेजारी बसून शिकायचे. खरा खडा ओठाला गार लागतो न् गारच राहतो, काच लगेच कोमट होते. खऱ्यावर श्वास सोडला तर वाफ झटक्यात उडते, काचेवर रेंगाळते. काचेला तेज यावं म्हणून खाली बेगड घालतात. मामंजी त्या बेगडीची कड नखानं दुमडायचे, तशी बाजारात दुसरं कुणी दुमडत नसे. थोडे दिवस बसले न् मला वाटलं, झालो आपण जव्हेरी. येणाऱ्याजाणाऱ्या बायांच्या कुड्या चाटायच्या तेवढ्या राहिल्या होत्या!

तर माझ्या नणंदेचा साखरपुडा. माघातली सकाळ. पोरगा औशाचा, वन्संच्या लई मनातला. पाहुणे म्हणाले, अंगठीत पोराच्या आजीचं माणिक हाय. अंगठीचं ताट फिरत फिरत माझ्याकडं आलं, न् माझा हात काही थांबंना. लावली ओठाला. कोमट! श्वास सोडला. वाफ हलेना. न् मी मोठ्यानं म्हणाले, अगं बाई, ही तर काच हाय!

विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला. पोराचा चुलता उठला, म्हणाला, चला रे, जीप काढा. वन्संचे डोळे भरले. मी उठू का बसू, बसू का उठू, बांगड्याच फिरवत राहिले.

मामंजींनी हात पुढं केला. भिंग लावून लई वेळ बघितलं. म्हणाले, माणिकच हाय. सूनबाईच्या अंगात ताप हाय, तिला बर्फबी कोमट लागंल. मांडव हसला. बाजारात त्यांचा शब्द म्हणजे शब्द. चुलता खाली बसला, अंगठी वन्संच्या बोटात गेली. न् मला त्या खोट्या तापापायी पंगत उठेस्तोवर गोधडीखाली पडून राहावं लागलं, बुंदीचा वास घेत, कूस बदलत.

अंगठी अजून हाय वन्संच्या बोटात. आता नाती मोबाइलवरून रंगीत खड्यांचे हार मागवतात, आजी, खरं का खोटं, असं विचारतात. मी म्हणते, शोभतंय, घाल.

त्या दिवशी पाहुणे गेले तशी मी गोधडी फेकून मामंजींपुढं उभी राहिले, म्हणाले, पर ती काचच होती! ते म्हणाले, हाव, काचच. दुष्काळात जनावरं जगवाया माणिक इकलं त्या विहीणमाउलीनं, न् काच बसवून घ्याया आपल्याच दुकानात आली. काच वळखलीस पोरी, पर आतल्या बेगडीची दुमड कुणाच्या नखाची, ते न्हाई वळखलंस.