बेंजोच्या आवाजातलं लोखंड

(सुनंदाबाई, मोटार वाइंडिंग, कोहमारा. त्या बोलल्या तसं.)

बसा न ताई, त्या स्टुलावर नका बसू, त्याचा पाय हालते, इकडे बसा. मी बोलता बोलता हात चालवत राहीन, मले रिकाम्या हातानं बसताच येत नाही, लहानपनापासून असंच आहे. मायं माहेर नवेगाव बांधच्या जवर, बाप जंगलाच्या कामावर जाये, माय धानाच्या रोवन्याले जाये, अन् मी एका जाग्यावर कवाच नसो. माय मने, हे पोरगी झोपेतही चालते. लगन होऊन कोहमाऱ्याले आली तं सासऱ्याचं हे दुकान, मोटारीच्या वाइंडिंगचं. मंजे पान्याचा पंप बिघडला, पंखा बिघडला, का आतली जुनी तार काढाची अन् नवी तांब्याची तार गुंडाराची. सासऱ्याचा हात कापाले लागला, अन् पोराले मंजे माया नवऱ्याले या कामाचा भारी कंटारा, मंग मीच बसली मशीनवर. लोकं हसले आधी, बाई वाइंडिंग करते मनून. मंग त्याईचेच पंप बंद पडले तं आले मुकाट्यानं.

आमचे हे बेंजो वाजवतेत, धुमालात. धुमाल तं पाहलाच असन तुमी, मोठ्या गाडीवर भोंगे, ढोल, कीबोर्ड, अन् त्याच्यात बेंजो, तारा तानलेल्या अन् वरून बटना. जयंतीले भीमगीतं अन् लगनात वरात, दोन्हीकडे हेच. पार्टीचा मालक गोंदियाचा, गुड्डूभाऊ मनतेत त्याले, मानूस वाईट नाही, पन नवीन मशीन दिसली का त्याच्या डोऱ्याले दुसरं काही दिसत नाही.

तं काय सांगू तुमाले, त्यानं जुने जड ॲम्प्लिफायर काढून टाकले अन् नवे आनले, हलके, एका हातानं उचला असे. ढोल दनदन वाजे, पन बेंजो असा वाजाले लागला का पत्र्यावर लोखंडी खिरा घासून रायले जसा कोनी. हे घरी आले तं जेवलेच नाही. मी मनलं, काऊन? तं मने, मालक मने का भैया, बेंजो अब चुभता है, कीबोर्ड में बेंजो का आवाज है ही, अगले सीजन से देखते हैं. देखते हैं मंजे काय ते मले समजते ताई. याईले बेंजोशिवाय दुसरं काहीच येत नाही, शेतात टिकले नाही, दुकानात टिकले नाही. बेंजो गेला का हा मानूस खाटेवर बसून बसून संपन, हे मले समोर दिसे, अन् मंग माया जीवाले चैन कुठची.

पंपाची तार गुंडारता गुंडारता डोक्यात तेच, तेच. जुन्यात आवाज गोड होता, नव्यात नाही, तं गेलं काय? वजन गेलं. वजन कायचं होतं? आतल्या ट्रान्सफॉर्मरचं, लोखंडाच्या पट्ट्या अन् त्याच्यावर तांब्याची तार. लाइटचा तं मोठा, पन आवाजाचा ट्रान्सफॉर्मर वेगरा असते, लहान. आवाज एका तारेतून आत जाते, लोखंडातून होऊन दुसऱ्या तारेत निघते. मनलं, लोखंडातून जाये तं आवाज भरून निघे, आता सिधाच जाऊन रायला मनून टोचून रायला. भंगारातून एक तसा काढला अन् बसली. तार केसासारखी बारीक, तुटे, मी जोडो, पुन्हा तुटे. पहिला मुकाच निघाला. दुसरा बोलला, पन तोंडावर घोंगडी घेऊन. हे मने, सोड न आता, कायले जीव काढतं. मी मनलं, तुमी गुपचूप वाजवा. मंग वेढे कमी केले, पट्ट्या बदलल्या, अन् याईनं तार छेडली तं टोचनं गेलं बाप्पा, जोरानं मारलं तरी आवाज फाटे नाही, गोल होये. याईच्या डोऱ्याले पानी आलं. मी मनलं, रडता काऊन, अजून वाजवा.

तो ट्रान्सफॉर्मर एका लोखंडी डब्ब्यात बसवला. तिरोड्याले ननदेच्या पोराचं लगन होतं, धुमाल आमच्याच पार्टीचा, मालक मने, चलो, वहीं सुन लेते हैं. आता धुमालाच्या गाडीवर कोनतंही सामान ढिलं ठेवत नाही, रस्त्यात गड्ढे, मनून जागा दिसन तिथं दोरीनं करकचून बांधतेत. याईनं माया डब्बा बांधला मोठ्या ॲम्प्लिफायरच्या पाठीले, अन् बाजूले जनरेटर. वरात निघाली अन् भोंग्यातून हूंऽऽऽ, बेंजो ऐकूच येईना. लाइटचा हूं डब्ब्यात शिरला होता. लोखंड कोनाचाही आवाज घेते, याईचा बी अन् जनरेटरचा बी, हे मले आधी सुचलंच नाही पाहा. मालकानं कीबोर्डवाल्याले हात केला, का तू घे.

मी नवरदेवाची मामी, नवीन पातर नेसलेली, पदर खोचला अन् चढली गाडीवर. दोरी सोडली, डब्बा हातात घेऊन फिरवला, आडवा केला तं हूं कमी, दूर नेऊन उभा धरला तं बंद. आता बांधू कुठं? जागाच नाही. मंग बसली तिथंच मांडी घालून, डब्बा मांडीवर, दोन्ही हातानं धरून, पूर्ण वरातभर. लोकं खाली नाचून रायले, ननद ओरडून रायली का वहिनी उतर, लोकं काय मनतीन. मी काही उतरली नाही. अन् बेंजो असा वाजला ताई, का म्हाताऱ्या बाया नाचल्या. मालकानं आमच्या याईले पोटाशी धरलं, मने, इस सीजन आप ही बजाओगे.

मले वाटलं झालं. तं मागच्या आठवड्यात मालक इथं आला, कीबोर्ड घेऊन. मने, भाभी, एक डब्बा इसके लिए भी बना दो. मनात आलं, कीबोर्डमधला बेंजो गोल वाजाले लागला तं मंग याईचं काय काम? मी नाही मननार तेवढ्यात हेच मने, बनव न, बनवाले काय जाते. रागारागात बनवला मी. इथंच, या टेबलावर जोडून पाहला. अन् तो कीबोर्ड बी भरला, गोल झाला. मी याईच्या तोंडाकडे पाहून रायली, आता मनन, आता मनन का नाही जमला. तं हे मने, चांगला आहे.

मले असा संताप आला का काय सांगू. मनलं, खोटं बोलाले काय झालं होतं तुमाले? तं मने, चांगल्याले वाईट कसा मनू मी?

आज मालक कीबोर्डचा डब्बा न्याले येनार आहे. तुमी आल्या तवापासून हात चालून रायले न माये, ते हेच, त्या डब्ब्याची तार उकलून रायली मी. सकारी बसली तं हे आले, पाहलं. समोर बसले अन् निघालेली तार आपल्या हातावर गुंडारत गेले, गुंता होऊ नाही मनून. मालकाले सांगीन, दुसऱ्याकडून बनवून घ्या. तो घेईन बी, गोंदियात दुकानं काही कमी नाहीत, मले काय समजत नाही? पन माया हातानं नाही होनार ते. हे आता आत बेंजोच्या तारा तानून रायले, संध्याकारी गाडी निघते. आज तं जाऊन रायले न, जाऊ द्या. चहा ठेवू तुमाले?