धुक्यातली हजेरी

मापालेसा: अगं, बस तरी. दारात उभं राहून बोलणारं माणूस मला नाही आवडत.

लिनेओ: बसायला नाही आले, म्मे, माउली. केनेवेला न्यायला आलेय.

मापालेसा: कोण केनेवे?

लिनेओ: सातवीतली पोर. तेरा वर्षांची. खालच्या गावातून मी रोज पोरांना शाळेत नेते, त्यातली. परवा खिंडीत दाट धुकं होतं. धुक्यात मी एकेकाचं नाव घेते आणि पोरं ‘आहे’ म्हणतात. तिचं ‘आहे’ एकदा आलं. पुढच्या वळणावर आलंच नाही.

मापालेसा: म्हणजे पोर हरवलीस तू आणि जाब मला विचारतेस?

लिनेओ: खिंडीतून घोड्यांच्या टापांचे ठसे थेट तुझ्या गोठ्यापर्यंत आलेत.

मापालेसा: गोठ्यात घोडी आहेत, मग टापा काय आभाळात उमटतील? बरं, मला सांग, या धावपळीबद्दल सरकार तुला काय देतं?

लिनेओ: काही नाही. आम्ही चौघी बायका आपणहून करतो.

मापालेसा: फुकटची राखण. मला पहिल्यापासून तसंच वाटायचं.

लिनेओ: भिंतीवरचं ते मेंढीचं कातडं अजून ओलं आहे, म्मे.

मापालेसा: सून आली घरात. मेंढी कापायला नको? पोटभर जेवली, नवी घोंगडी पांघरली, आता निजलीय.

लिनेओ: कुठली आहे सून?

मापालेसा: आता इथलीच.

लिनेओ: नाव काय तिचं?

मापालेसा: मात्सेपो. माझ्या नवऱ्यानेच ठेवलं. पहिल्या लेकराचं नाव त्सेपो असेल, म्हणून ती त्सेपोची आई. तुला रीत शिकवायला हवी का?

लिनेओ: आणि इथे यायच्या आधीचं?

मापालेसा: आधीचं नाव या उंबऱ्याच्या आत कुणी घेत नाही. म्हणून सांगते, या घरात केनेवे नावाची कुणी नाही. खोटं बोलत नाही मी.

लिनेओ: तुझं काय होतं गं, म्मे? आधीचं?

मापालेसा: ... फार वर्षं झाली. मलाही घोड्यावर टाकूनच आणलं होतं. चार दिवस रडले. पाचव्या दिवशी पाणी भरायला गेले. तीही जाईल.

लिनेओ: तिची परीक्षा आहे. तिला नर्स व्हायचंय. तुझ्या पाया पडते, आतल्या खोलीचं दार उघड. मी पोलिसांत जाणार नाही, कुणाचं नाव घेणार नाही. पोर तेवढी दे.

मापालेसा: पोलीस चौकी दोन डोंगर पलीकडे, आणि तुला दमा आहे. इथवर चढताना तुझी धाप ऐकू येत होती मला. एकटी कशी आलीस?

लिनेओ: एकटीच आले.

मापालेसा: वरून सगळं दिसतं, आउसी, बहिणी. ओढ्याकाठच्या खडकापाशी शाळेच्या चार पोरी बसवून आलीस. त्यातल्या दोघी चांगल्या उंच झाल्यात.

लिनेओ: त्यांचं काय?

मापालेसा: काही नाही. माझ्या धाकट्या लेकाचंही लग्नाचं वय झालंय, म्हणून आठवलं. मघाशी तो मित्रांना घेऊन घोड्यांना पाणी पाजायला गेला.

लिनेओ: कुठे?

मापालेसा: पाणी दुसरं कुठे असतं? बघ, धुकंही चढायला लागलं. तो खडक आता दिसतसुद्धा नाही. निघ तू.

लिनेओ: मी तिला घेतल्याशिवाय हलणार नाही.

(आतून भांडं पडल्याचा आवाज.)

मापालेसा: मांजर आहे.

लिनेओ: केनेवे.

मापालेसा: सांगितलं ना, ते नाव इथे घ्यायचं नाही.

लिनेओ: केनेवे, धुकं आलंय. मी हजेरी घेतेय. नुसतं ‘आहे’ म्हण, बाळा. मी दार मोडेन, पण तुला नेईन. केनेवे?

आतला आवाज: केनेवे नाही इथे.

मापालेसा: ऐकलंस?

आतला आवाज: लिनेओ आउसी, तू लवकर खाली जा. खडकापाशी बसलेल्या त्या चौघींना हाक मार.