अक्कांचा धुळ्याकडचा चहा

जळगाव-धुळ्याच्या संयुक्त बैठका आता मोबाइलवरच होतात आणि ज्याचा तो आपापल्या घरी चहा पितो. तेव्हा मला हमखास अक्का आठवतात.

दोन्ही जिल्हा परिषदांनी मिळून हद्दीवर बचत गटांसाठी मिरची कांडप केंद्र काढायचं ठरलं होतं. सह्यांची बैठक धुळ्याकडच्या एका गावात होती. आमच्या जळगावच्या बाजूने सदस्य म्हणून अक्का आणि फाइल सांभाळायला मी. चहा आला, तसा अक्कांनी कप मागे सारला. पाणीसुद्धा नको म्हणाल्या.

धुळ्याचे सदस्य नाना कडाडले, "जयगाववाल्यासले आमना च्या चालत नही, मंग आमनासंगे धंदा कसा करतीन?"

मी अशी दचकले की माझा चहा करारावरच सांडला. गेलं केंद्र, म्हटलं.

अक्का हळूच म्हणाल्या, "नाना, मनी पोर याच गावमा दियेल शे. तिले लेकरू व्हयेपर्यंत मी आठलं पानी बी पेत नही."

लेकीच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती, हे तिथे सगळ्यांनाच ठाऊक होतं. नानांनी आपला भरलेला कप खाली ठेवला.

"मंग मी बी नही पेत."

त्याच डागाळलेल्या कागदावर सह्या झाल्या. पुढे केंद्रही उभं राहिलं, पण त्या गावातल्या बैठकीत नानांनी कधी चहा मागवला नाही.

आणि एक दिवस अक्का दारातूनच ओरडल्या, "नाना, च्या सांगा!"

मी पुन्हा दचकले. नाना मात्र खुर्चीतून उभेच राहिले, "नात का नातू?"