मुलाच्या कटआउटची ओढाताण

खाली सही करणारी मी, वय एकोणपन्नास वर्षे, धंदा मोटार ड्रायव्हिंग स्कूल, राहणार त्याच स्कूलच्या वरच्या मजल्यावर, नाव वरच्या रकान्यात लिहून घेतल्याप्रमाणे, आज पोलीस ठाण्यात स्वतःहून हजर होऊन समक्ष सांगते की, वरील ठिकाणी मी, माझे पती व मुलगा असे तिघे राहतो. पती विमा एजंट आहेत. मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. माझ्याविरुद्ध यापूर्वी कुठलीही तक्रार नाही. गाडी शिकायला येणाऱ्यांची मी फार ओरडते अशी तक्रार असते, पण ती तोंडी असते व लायसन्स मिळाल्यावर ते स्वतःच ती मागे घेतात.

आज सकाळी परदेशी शिक्षण मार्गदर्शन केंद्राच्या हॉलमधून एक कटआउट चोरल्याचा व केंद्राच्या संचालकांना पाडल्याचा माझ्यावर आरोप आहे. कटआउट मी नेले हे खरे आहे. चोरले नाही. तो माझा मुलगा आहे. हकीकत पुढीलप्रमाणे.

मुलाच्या कॉलेजची परदेशातल्या एका विद्यापीठाशी अदलाबदलीची योजना आहे. तिकडची मुले एका सेमिस्टरसाठी इकडे येतात, इकडची तिकडे जातात. मुलाने आपण होऊन कधी तिचे नाव काढले नव्हते. पती फी भरायला गेले असता त्यांनी त्या योजनेची सूचना खिडकीशेजारी वाचली आणि घरी येईपर्यंत वाटेत भेटेल त्याला मुलगा परदेशी चालल्याचे सांगून टाकले. मुलाला ही बातमी चहावाल्यानंतर समजली. माझ्या नणंदेची मुलगी आदल्या वर्षी अशीच जाऊन आली आहे. तेव्हापासून नणंदेकडे साधे पाणी प्यायलो तरी तिकडचे पाणी कसे असते ते ऐकावे लागते. पतींना ते सलत होते. मुलाला विचारले तर तो "बघू" म्हणाला. आमच्या घरात "बघू" म्हणजे नाही. पतींच्या धंद्यात "बघू" म्हणजे हो, फक्त अजून दोनदा घरी जावे लागेल. त्यांनी धंद्यातला अर्थ धरला.

तक्रारदार हे बाजाराच्या चौकात सदर केंद्र चालवतात. त्यांना सगळे ग्लोबल सर म्हणतात. ते स्वतः परदेशी एकदाच गेले आहेत, सासुरवाडीच्या मंडळींबरोबर, सहल कंपनीच्या बसमधून, आणि बराचसा वेळ बसमध्ये झोपून होते. हे मला त्यांच्या पत्नीने सांगितले, त्या माझ्याकडे गाडी शिकल्या. सरांच्या खुर्चीच्या पाठीवर जाड लोकरी कोट टाकलेला असतो. बाहेर डांबर वितळत असले तरी असतो. कार्यक्रम असला की तो ते अंगात घालतात.

पतींनी मुलाला त्यांच्याकडे घातले व सरांनी त्याला जाण्याआधी तयार केले. हात कसा मिळवायचा, किती वेळ धरायचा, हसताना खालचे दात दिसू द्यायचे नाहीत, ओळख नसलेल्या माणसाशी हवामानावर बोलायचे, असे शिकवले. सुरीकाट्याचा सराव थर्माकोलच्या तुकड्यांवर होई व मुलगा उपाशी घरी येई. पालकांसाठी वेगळा तास होता, विषय "निरोप देताना रडू नये". पतींनी त्यात टिपणे काढली. मुलाखतीसाठी एक उत्तर घोकून घेतले, ते असे की मला माझ्या कम्फर्ट झोनच्या बाहेर पडायचे आहे. मी सरांना विचारले की कम्फर्ट झोन म्हणजे नक्की काय.

ते म्हणाले, "सोप्या भाषेत सांगायचं तर घर, ताई."

मी म्हटले, मग घराबाहेर पडायचंय असंच म्हणू द्या. त्यावर ते म्हणाले की तसे म्हटले तर निवड होत नाही.

निवड झाली. विमानतळावर बॅगेचे वजन जास्त भरले. नणंदेने आग्रहाने द्यायला लावलेला कुकर सगळ्यांदेखत जमिनीवर बॅग उघडून बाहेर काढावा लागला. पतींनी रांगेतल्या मागच्या गृहस्थांना मुलाची माहिती दिली व ओघात त्यांचा विमा आहे का ते विचारले. मुलगा आत जाताना वळला नाही. कोणी रडले नाही. सरांचा तास सार्थकी लागला. मी तो कुकर मांडीवर घेऊन परत आले.

तिकडे मुलाला वसतिगृहात एकट्याची खोली होती, स्वयंपाकघर सर्वांत मिळून. दर रविवारी पती त्याला व्हिडिओ कॉल करत. त्या वेळी ते विम्याची गिऱ्हाइके, शेजारी व एकदा तर गॅस दुरुस्तीला आलेला माणूसही दिवाणखान्यात बसवून घेत. "दाखव रे बाहेर काय दिसतं," असे ते म्हणत. मुलगा फोन खिडकीकडे फिरवी. मंडळी वा वा करत. दर रविवारी तीच खिडकी, तोच विजेचा खांब व तीच सायकल असे. सायकलचे पुढचे चाक कुणीतरी काढून नेलेले होते. हे माझ्या लक्षात आले. गाडी शिकवणाऱ्या माणसाची नजर तशी असते. मंडळींच्या का लक्षात आले नाही ते मला सांगता येणार नाही.

पुढे मुलगा मला सकाळच्या बॅचच्या वेळी वेगळा फोन करू लागला. तिकडे तेव्हा नुकते उजाडलेले असे. काय चाललंय विचारले की "मजेत" म्हणे. मग आज शिकायला कोण आलं होतं, त्या बँकेतल्या बाईंना रिव्हर्स जमतो का, पोटवाल्या काकांनी परत फुटपाथवर चढवली का, असे विचारत बसे. एके दिवशी म्हणाला, "आई, फोन डॅशबोर्डवर ठेवून दे ना. बोलू नकोस माझ्याशी. तुझं चालू दे."

मी फोन डॅशबोर्डवर ठेवला. माझे चालू दिले. क्लच दाब, क्लच सोड, हळू सोड, अहो तो ब्रेक आहे, असे माझे नेहमीचे चालू राहिले व तो ऐकत राहिला. असे बरेच आठवडे चालले. शिकणारे विचारत की फोनवर कोण आहे. मी सांगे की लांबची बॅच आहे. पतींना मी हे सांगितले नाही, कारण त्याच सुमारास त्यांनी परदेशातल्या मुलाचे नाव सांगून बऱ्याच पॉलिसी खपवल्या होत्या व ते फार आनंदात होते.

मग एकदा लागोपाठ दोन दिवस त्याचा फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी मी केला, तो उचलला नाही. पुन्हा केला. त्या वेळी बँकेतल्या बाई स्टिअरिंगवर होत्या. मी त्यांना गाडी कडेला घ्यायला लावली. बऱ्याच वेळाने त्याने फोन उचलला. त्याचा आवाज अंथरुणातून येत होता. जेवलास का विचारले तर म्हणाला, "कालचं माहीत नाही."

विचारल्यावरून सांगते की, मी घाबरले नाही. मी त्याला म्हटले, ऊठ. पाय खाली टाक. टाकलेस? आता चपला. खोलीचं दार उघड. जिना उतर. फोन कापायचा नाही. तो उतरला. रस्त्यावर आला की सांग म्हटले, त्याने सांगितले. उजवीकडे बघ, डावीकडे बघ, परत उजवीकडे बघ, ओलांड. तो म्हणाला, "आई, इथे उलट बघतात." मी म्हटले, मग उलट बघ, पण ओलांड. त्याने पलीकडच्या दुकानातून पाव व दूध घेतले आणि मला ऐकू येईल असे खाल्ले. बँकेतल्या बाई तोवर गाडी चालू ठेवून बसल्या होत्या. त्या दिवशीची त्यांची फी मी घेतली नाही. त्यांनी नंतर कुणालाही काही विचारले नाही, म्हणून मी त्यांना मानते.

त्यानंतर तो रोज माझा क्लास खालच्या स्वयंपाकघरात बसून ऐकू लागला. तशी माझी अटच होती. तिथे त्याच्याच मजल्यावरच्या एका उंच मुलाने त्याला विचारले म्हणे, की फोनवर ही बाई रोज कुणावर चिडते. इतक्या महिन्यांत त्याला कुणी आपणहून विचारलेला तो पहिला प्रश्न. मग तो उंच मुलगाही ऐकायला बसू लागला. शेवटच्या आठवड्यात तो फोनमध्ये तोंड घालून आमच्या भाषेत "क्लच सोड" म्हणाला. पोटवाल्या काकांनी खरेच सोडला व गाडी बंद पडली. मुलगा हसलेला मी तेव्हा ऐकला.

नंतर मुलगा उच्च शिक्षणाचे सेमिस्टर पूर्ण करून यशस्वीरीत्या परत आला. सर्व विषयांत पास आहे.

तो येण्यापूर्वीच ग्लोबल सरांनी केंद्राच्या हॉलच्या दारात त्याचे पुरुषभर उंचीचे कटआउट उभे केले होते. अंगात कोट, दोन्ही हात पसरलेले, खाली "आमचा विद्यार्थी, जगाचा नागरिक". मुलाचा तसला फोटो कधीही काढलेला नाही. डोके त्याचे आहे. बाकीचे धड कुणाचे ते सरांनी सांगावे.

आज सकाळी नव्या बॅचच्या स्वागताचा कार्यक्रम होता. पतींनी मुलाच्या भाषणाचा शब्द आधीच देऊन टाकला होता. मुलगा जायला तयार नव्हता, तरी वडिलांचा शब्द खाली पडू नये म्हणून गेला. हॉल पालक व मुलांनी भरला होता. पती पहिल्या रांगेत उभे राहून मोबाइलवर चित्रीकरण करत होते. मी खिडकीपाशी होते. सरांनी मुलाच्या हातात भाषणाचा कागद दिला. त्याने तो घडी करून खिशात ठेवला. तो शांतपणे बोलला. आवाज चढवला नाही.

तो म्हणाला, "तिथली माणसं वाईट नाहीत. मला कुणी त्रास दिला नाही. मला इथे हात कसा मिळवायचा ते शिकवलं होतं. हात कुणी पुढेच केला नाही तर काय करायचं, ते शिकवलं नव्हतं. मी बरेच दिवस खोलीतच होतो. नंतर आईच्या गाडीत असायचो."

हे शेवटचे वाक्य कुणाला समजले नाही. पतींनाही समजले नाही. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिले.

मागे बसलेल्या एका बाईंनी उठून विचारले, की मग आम्ही आमच्या मुलीला पाठवायचं की नाही.

मुलगा म्हणाला, "पाठवा की. पण तिला विचारून पाठवा. आणि रविवारी माणसं गोळा करून फोन करू नका. माणसांसमोर खरं सांगता येत नाही."

पतींचा मोबाइल धरलेला हात हळूहळू खाली आला. चित्रीकरण चालूच असावे. त्यात पुढे फरशी आली असेल, ती आपण तपासून घ्यावी.

ग्लोबल सरांनी मुलाच्या हातातला माइक काढून घेतला. आधी ते हसून म्हणाले की विनोदबुद्धी हाही आमच्या प्रशिक्षणाचा भाग आहे. कोणी हसले नाही. मग ते म्हणाले, "काही मुलं मुळातच कच्ची असतात. त्याला केंद्र काय करणार?" हे ते माइकवर म्हणाले.

तेव्हा मी दाराशी गेले व कटआउट उचलले. मुळातच कच्चा मुलगा दारात कशाला ठेवायचा, असा माझा विचार होता. सरांनी धावत येऊन कटआउटचे पाय धरले. मी खांदे धरले होते. ते ओढू लागले, मीही सोडले नाही. ओढाताणीत डोके सुटून माझ्याकडे आले. त्यानंतर सर पाण्याच्या पिंपावर पडले. पिंप लवंडले.

विचारल्यावरून सांगते की, मी सरांना ढकलले नाही. माझे दोन्ही हात कटआउटला होते, हे सर्वांनी पाहिले आहे. पती त्या वेळी कुठे होते असे विचारल्यावरून सांगते की, ते माझ्या मागे होते. मागचे दिसायला गाडीला आरसा असतो, मला नाही. पुन्हा विचारल्यावरून सांगते की, मागे होते. सरांच्या कोटाची बाही खांद्यापासून कशी उसवली ते मला माहीत नाही. कोट खुर्चीवर बसून बसून जुना झाला असावा. पती विमा एजंट आहेत. त्यांनी आजवर कुणाच्या अंगाला हात लावलेला नाही, उलट लोकांनीच त्यांना दाराबाहेर काढलेले आहे.

कटआउट मी स्कूलच्या गाडीत मागच्या सीटवर आडवे ठेवले व सरळ इथे आले. डोके व धड वेगवेगळे जमा केले आहे. धड सरांना द्यावे.

आत्ता बाहेर सरांनी असा निरोप पाठवला की, मुलाने "माझा गैरसमज झाला" असा छोटासा व्हिडिओ करून दिला तर तक्रार मागे घेतो. मी काही म्हणण्याआधी पती म्हणाले, "नाही." पुढे काहीही जोडले नाही. आमच्या इतक्या वर्षांच्या संसारात त्यांचे एका शब्दात संपलेले वाक्य मी पहिल्यांदा ऐकले. मुलगा त्यांच्या शेजारी बाकावर बसला आहे. मघाशी पतींनी त्याला जेवलास का विचारले. त्याने मान हलवली. पतींनी पुन्हा विचारले, तेव्हा तो "नाही" म्हणाला. मग दोघे समोरच्या दुकानात जाऊन आले. मला काही आणले नाही, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

वरील मजकूर हवालदारबाईंनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात "यशस्वीरीत्या परत आला" असे आहे. त्यातला पहिला शब्द मी सांगितलेला नाही, तो बाईंनी रीत म्हणून घातला. तो खोडायला लावून शेजारी मी सही केली आहे. परत आला, एवढेच ठेवावे. तेवढे बरोबर आहे.